सलीमभाईंचा जुना कर्नेल

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लासचा सर्व्हर अपडेट करत बसलो होतो. नांदेडहून त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता, "भाईजान गए… दिल का दौरा." मी फोन भिंतीवर फेकून मारला. तुकडे मीच वेचले. महिना झाला, अजून कुणावर तरी हात टाकावासा वाटतो, बहुतेक स्वतःवरच.

लातूरच्या एका कोचिंग क्लासचे कम्प्युटर आम्ही दोघं सांभाळायचो. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. तो बिघडला की मशीन उठतच नाही. नवा कर्नेल टाकला तरी जुना काढायचा नाही, हा सलीमभाईंचा हट्ट. जागा अडते म्हणून मी करवादायचो. ते म्हणायचे, "नवं हाय, पर अजून हललं न्हाई ते." हे मूळ त्यांच्या अब्बांचं बोलणं, भूकंपानंतरच्या नव्या घराबद्दलचं. किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात भूकंपानं दगडमातीचं घर कोसळलं, आई आणि दोन बहिणी खाली चिरडल्या. अब्बांनी नखं निघेपर्यंत हातानं ढिगारा उकरला. पुढे पक्कं घर मिळालं, तरी नंतरच्या धक्क्यांत टिकलेलं पत्र्याचं शेड त्यांनी मोडू दिलं नाही. मोडायला आलेल्या माणसावर ते कुऱ्हाड घेऊन धावले होते… सलीमभाई हे हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही.

एका निवड परीक्षेच्या आदल्या दिवशी ते नांदेडला गेले होते. डिस्क भरली म्हणून मी नवा कर्नेल टाकून जुने उडवले. सकाळी परीक्षेचं मशीन उठेना. शेकडो पोरं खोळंबली. "आमच्या लेकरांचं वाटोळं करून राहिले!" म्हणत पालक काचा फोडून आत घुसले. मी स्टोअररूममध्ये शिरून आतून कडी लावली. तेवढ्यात सलीमभाई बसमधून उतरून आले. "कम्प्युटरवाला हाच!" कुणीतरी ओरडलं आणि लोखंडी खुर्ची त्यांच्या डोक्यात बसली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. संचालकांनी त्यांची कॉलर धरली, "कुणी केलं हे?" पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता. सलीमभाईंना कळलं नसेल, असं नाही.

"मीच," ते म्हणाले. "आता मशीनपाशी तर जाऊ द्या."

एक जुना कर्नेल त्यांनी मला न सांगता राखून ठेवला होता, सहजी निघणार नाही असा. कीबोर्डवर रक्त ठिबकत असताना त्यांनी मशीन सुरू होताना दिसणाऱ्या कर्नेलच्या यादीतून तो निवडला आणि मशीन उठलं. डोक्याला सहा टाके पडले. मी उद्या बोलू, परवा बोलू करत राहिलो. भित्रा होतो मी, दुसरं काय…

परवा डिस्क पुन्हा भरली. संचालक पाठीमागे येऊन म्हणाले, "तो जुना काढून टाक. सलीमसारखा घोळ घालू नको."

"घोळ त्यांनी नव्हता घातला, सर. मी घातला होता."

त्यांनी खाडकन माझ्या थोबाडीत दिली. मी हात उचलला नाही. ती थप्पड कधीचीच माझ्या नावावर होती. संचालक निघून गेल्यावर मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर यादी आली, वर नवा, खाली सलीमभाईंचा. मी खालचा निवडला.