आंबट बिअर आणि माझा गूळ

हसणार नसाल तरच सांगते. नाही जमणार? बरं, हसा. पण माझ्या आईपर्यंत पोचवू नका, बास!

इथे ब्रेडा शहरातले आमचे डच शेजारी कोर आजोबा घरीच बिअर बनवतात. त्यांच्या बायकोच्या, मिप आजींच्या सत्तरीला आम्हाला बोलावणं होतं. पाहुणे गोल करून बसलेले, प्रत्येकाच्या हातात केक. आजोबा मला म्हणाले, "स्वयंपाकघरात सहा बाटल्या आहेत. तेवढ्या उघडशील?"

एवढा मान! मी धावतच गेले. ग्लास घेऊन माझा नवरा मंदार मागोमाग.

पहिली उघडली. रंग अगदी चिंचेच्या कोळासारखा. चमचाभर चाखली आणि माझे डोळेच मिटले!

"मंदार, ही आंबलीय!"

"बिअर आंबवूनच करतात गं."

"अरे, पण अशी? दात आंबले माझे! बिचारे आजोबा. सगळ्यांपुढे फजिती होईल त्यांची."

"मग सांग त्यांना."

"आजींच्या वाढदिवशी? शी!"

आमटी जास्त आंबट झाली की आपण काय करतो? बरोब्बर! मी शेजारच्या आमच्या घरी पळाले, किसलेल्या गुळाचा डबा आणला, उरलेल्या पाचही बाटल्या उघडल्या आणि प्रत्येकीत दोन-दोन चमचे गूळ सोडला, भराभर.

सहावीपर्यंत पोचते तोच पहिली फुसफुसली. मग दुसरी. मग काय, सगळ्याच!

"अंगठा दाब, अंगठा!" मंदार किंचाळला.

आमचे दोघांचे मिळून अंगठे चार, बाटल्या सहा! फवारे थेट छताला. मंदारचा पांढरा शर्ट तपकिरी. आवाज ऐकून सगळी वरात दारात.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"बिअर खराब झाली होती," मी पुटपुटले. "आंबट लागत होती. म्हणून... गूळ घातला."

आजोबा हळूच खुर्चीवर टेकले. "दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं ठेवून तिला तो आंबटपणा आणला होता. 'औट ब्राउन' म्हणतात तिला, जुनी तपकिरी. मिपला फार आवडते."

मला तर तिथल्या तिथे सिंकमधून वाहून जावंसं वाटलं! तेवढ्यात मिप आजी पुढे आल्या. ओट्यावरच्या थारोळ्यात बोट बुडवून त्यांनी चाटलं.

"कोर, छान जमलीय," त्या म्हणाल्या. "जराशी गोड झालीय, एवढंच."

घरभर हशा! मग आजोबाही हसले, आणि आम्ही सगळ्यांनी उरलेली तळाची बिअर घोट-घोट वाटून घेतली.

मागच्या रविवारी पुन्हा बोलावलं त्यांनी. आजोबांनी दारातच प्रेमाने माझा कोट काढून घेतला, आणि खुंटीला अडकवण्याआधी त्याचे दोन्ही खिसे नीट चाचपून पाहिले!