आबांना सांगितलेली हॉकी

सुरतेच्या एका गिरणीनं आमच्या जीनच्या हॉकी संघातले पाच खेळाडू एकाच उन्हाळ्यात उचलले. तिथं त्यांना बरी नोकरी मिळाली, राहायला खोली मिळाली. त्यांना दोष कोण देणार? पण त्या दिवसापासून नंदुरबारात जो तो म्हणू लागला, संघ मेला. माझे सासरे तेवढे म्हणत होते, मेला नाही.

संघ जीनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकांचा. खेळाडूंना जीनमध्ये काम आणि खेळण्याचा वेगळा पगार. माझे सासरे, म्हणजे आबा, कचेरीत कारकून असल्यापासून या संघाची एकही मॅच चुकवत नसत. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन बिघडलं, आणि उजेड-अंधार तेवढा कळायचा, बाकी काही नाही. माझे यजमान नवापूरला नोकरीवर, शनिवारी घरी यायचे. मॅच असायची बाजाराच्या दिवशी, जीनला सुटी असताना. मग आबांना न्यायचं कोणी? घरात मी एकटीच धडधाकट.

सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "सून मैदानवर जाई? लोके काय म्हनतीन?"

"लोके माले डोया देतीन का?" आबा म्हणाले, आणि त्यांनी पायांत जोडे घातले.

पहिल्या दिवशी मी पदर नाकापर्यंत ओढून त्यांच्याशेजारी बसले. आमच्या घरात सून सासऱ्यांना ताट वाढायची, बोलायची नाही. त्यामुळं मी पुटपुटत होते.

"जोरमा बोल. माले दखास नही, आयकू तरी येऊ दे."

"एक जण चेंडू लईसन पळी ऱ्हायना."

"कोन?"

"निळा सदरावाला."

"आपला समदाच निळा शेत!"

मला खेळातलं काही कळत नव्हतं. मी माणसं ओळखायला लागले तीही खुणांवरून. गुडघ्याला फडकं बांधलेला तो सुतार. फेंगडा चालणारा तो गाठी उचलणारा हमाल. आणि डाव्या बाजूला अनवाणी पळणारे दोन भाऊ, सातपुड्याकडचे, जीनमध्ये गाड्या भरायला आलेले. ते मैदानात एकमेकांशी त्यांच्या पावरी बोलीत बोलत, म्हणून समोरच्या संघाला त्यांचा बेत कळत नसे. जुन्या नावाजलेल्यांपैकी उरला होता फक्त गोलकीपर. त्याचे वडील रंगारी होते, कोपरापर्यंत हात निळे. ते आमच्याच शेजारी बसत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू.

त्या दिवशी सुरतेच्या संघानं आम्हाला आठ गोल मारले. आमचेच पाच जण त्यांच्याकडून खेळत होते, त्यातले चार गोल त्यांचे. चाचा मान खाली घालून बसले होते. उठताना मिरचीचे एक व्यापारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, आते घर बसा. हाऊ संघ मरी गया."

"मरेलवर कोनी गोल मारस का?" आबा म्हणाले. "जित्ता शेत, म्हनीसन खेळनात."

दुसऱ्या दिवसापासून ते मला सरावालाही घेऊन जाऊ लागले. आळीतल्या बायका मला बघून दारं लावून घ्यायच्या. एकीनं तर हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. मला राग यायचा, आणि राग आला की मी संध्याकाळी पाच मिनिटं आधीच निघायचे. मैदानाला लागून वाळत घातलेल्या मिरच्यांची पथारी पसरलेली असे. वारा फिरला की खेळाडू आणि बघणारे सगळे एकदम शिंकत.

महिनाभरात मला एक गोष्ट दिसली. मी आबांना सांगितलं, "धाकटा भाऊ चेंडू भेटना का आधी मोठाकडे देखस. तेवढामा चेंडू जास."

 आबांनी चाचांना हाक मारली आणि चाचांनी मुलाला. तेव्हापासून गोलकीपर मागून ओरडायचा, "बघू नको, मार!" तो पोरगा बिचारा आठ दिवस गोंधळला. नंतर मारायला लागला.

पुढच्या हिवाळ्यात सुरतेचा संघ पुन्हा आला. अर्ध्या वेळेला त्यांचे दोन गोल झाले होते. अर्ध्या वेळेनंतर सुतारानं एक परत केला. मग चेंडू डावीकडे गेला आणि धाकट्यानं कुणाकडंही न बघता मारला.

"गोल व्हयना!" मी उभीच राहिले होते. पदर खांद्यावर आला होता, तेही मला कळलं नाही.

"कोना?" आबा माझा हात ओढत होते.

"आपला, आबा! आपला!"

खेळ संपता संपता त्यांनी तिसरा मारला आणि आम्ही हरलो. ते व्यापारी हसले. "हारनातच ना?"

आबा काही म्हणायच्या आत मीच बोलले. परक्या पुरुषाला चारचौघांत दिलेलं ते माझं पहिलं उत्तर. "हा, हारनात. मांगला साले आठनी हार व्हती, औंदा एकनी. पुढला साले या, मंग बोला."

 मी खाली बसले नाही. चाचा शेजारून पुटपुटले, "बराबर शे, बेटी."

माझ्या तोंडाळपणाची बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. सासूबाई दारातच उभ्या. मी बोलणी खायची तयारी केली. त्यांनी आबांचे जोडे उचलून बाजूला ठेवले आणि विचारलं, "कितला कितला व्हयनात?"

तिसऱ्या वर्षी बरोबरी झाली. दोन-दोन. मॅच संपल्यावर सुरतेला गेलेल्यांतला एक जण आबांच्या पाया पडायला आला. म्हणाला, "आबा, पोरे तयार व्हयनात."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू गया, म्हनीसन त्यास्ले जागा भेटनी."

दरसालच्या त्या सामन्यांचा कप आमच्याकडे कधीच आला नाही. पुढं लढाईच्या टंचाईच्या दिवसांत मालकांनी खेळाडूंचा पगार बंद केला. दोघे भाऊ गावी परतले, गोलकीपर चाचांच्या रंगाच्या कामाला लागला. संघ संपला. पण तो हरून संपला असं माझ्यासमोर कुणी म्हटलं, तर या वयातही मी त्याला बसवून घेते आणि ती बरोबरीची मॅच पहिल्यापासून सांगते.