थुंकीतली खूण

मी आरोग्य सेवक होतो. चामोर्शीकडच्या खेड्यांतून सायकलवर फिरायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या आणि काच तपासायला पाठवायची. हिवतापाचाच मुलूख आमचा. प्रत्येकाला निकाल सांगत बसायला वेळ कुणाला होता? म्हणून मी एक सोपा कायदा केला होता. मी आठ दिवसांत परत आलो तर हिवताप, नाही आलो तर साफ. म्हातारी माणसंसुद्धा हा कायदा एकमेकांना समजावून सांगायची, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. एका मोठ्या शहरातून कॅन्सरवर संशोधन करणारी मंडळी गाडी घेऊन माझ्या हद्दीतल्या एका गावात आली. त्यांना खर्रा खाणाऱ्यांची थुंकी हवी होती. आमच्याकडे खर्रा कोण खात नाही? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात दाबायचा. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तर बांधीत वाकलेल्या दहा बायांपैकी आठ जणींचा एक गाल फुगलेला.

त्यांच्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समाजमंदिराच्या पायरीवर बसून मला सगळं समजावून सांगितलं. पेशीची वाढ आवरून धरणारी काही जनुकं असतात. त्यांच्यावर मिथाइल नावाचे रासायनिक कण चिकटले की ती गप्प पडतात, राखणदाराच्या तोंडावर कुणी हात दाबावा तशी. मग पेशी मोकाट वाढते. जखम डोळ्याला दिसायच्या आधीच ही खूण थुंकीत सापडू शकते, असं त्या म्हणाल्या. मी तर भारावूनच गेलो. घरोघर जाऊन बाया गोळा केल्या. मिठाचं पाणी तोंडात खळखळवून कुपीत थुंकायचं, एवढंच काम. फॉर्म तीन पानांचा होता. पहिलं पान मी मोठ्यानं वाचलं, उरलेल्या दोन पानांना ‘असंच लिहिलं आहे’ म्हणालो आणि अंगठे घेतले. काचेच्या सवयीनं प्रत्येक नावापुढं कुपीचा नंबर तेवढा माझ्या वहीत लिहून ठेवला.

माझी मोठी बहीणही त्याच गावात दिलेली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाईच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिला, लिहून घेतला आणि पुढच्या बाईला बोलावलं.

पावसाळ्याआधी माझी अहेरीला बदली झाली. त्यानंतर बाईकडे गेलो तो थेट होळीला. ती भात पाण्यात कुस्करून नुसता गिळत होती. तोंड उघड म्हटलं तर बोटभर उघडेना. मी बॅटरी मारून आत पाहिलं. चट्ट्याच्या जागी जखम होती, काठ वर आलेली.

"कवापासून आहे हे?"

"रोवन्यापासून."

"मंग दवाखान्यात काऊन नाई गेली, बाई?"

"काऊन जाऊ? थुंकी तपासाले नेली ना त्याइनं? वापस कोनी आलं नाई. म्हनजे साफच आहे."

मी तसाच उठलो आणि चामोर्शीच्या एसटीडी बूथवरून त्या संस्थेला फोन लावला. पलीकडचा गृहस्थ फार सभ्य होता. अशा सभ्य माणसांचा मला तेव्हापासून संताप येतो. त्यांच्याकडे नुसते नंबर असतात, नावं नसतात, असं तो म्हणाला. मी वहीतला बाईच्या कुपीचा नंबर सांगितला. त्यानं कागद चाळले आणि सहज सांगितलं, "हो, या नमुन्यात खुणा आहेत. दिवाळीआधीच मिळाल्यात. पण ही चाचणी अजून अभ्यासाच्या पातळीवर आहे, तिला निदान म्हणता येत नाही. व्यक्तिगत निकाल कळवणार नाही, हे फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहे."

निदान म्हणता येत नाही! अरे, निदान नका म्हणू. दोन ओळींचं कार्ड टाका, या बाईचं तोंड एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून. चट्टा डोळ्यांनी पाहिला होता ना तुम्ही? थुंकी न्यायला गाडी होती, डॉक्टर होते, बर्फाची पेटी होती. निरोप पाठवायला पोस्टमन मिळाला नाही? आमची माणसं काय तुमच्या कुप्या भरायला जन्माला आली? हे सगळं मी फोनवर ओरडून बोललो. बूथवाला बाहेर जाऊन उभा राहिला. पलीकडून उत्तर आलं, "आम्ही तुमच्या भावना समजू शकतो."

आठवड्याभरात बाईला नागपूरला नेलं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर ठरला. अर्धा जबडा आणि जिभेचा काठ काढावा लागेल, असं सर्जननं सांगितलं. ऑपरेशननंतर बाई जगली, अजून आहे. पण तिचं बोलणं तिच्या लेकीखेरीज कुणाला कळत नाही. मी हो-हो करत मान हलवतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डाच्या व्हरांड्यात मी त्या मंडळींना शिव्या घालत होतो. त्यांच्यावर केस करीन, पेपरात देईन, असं बरंच काही. बाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या तोंडून मला नीट कळलेलं शेवटचं बोलणं तेच.

"त्याइले काऊन बोलतं, बाबू? त्याइले मी कुठी वळखतो. मी तुया भरवशावर बसली होती."