लाइन मोडायला निघालेला परब

सुहास परबला रांगेत उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. मरोळ नाक्याला मेट्रोच्या तपासणीला रांग दिसली की हा पठ्ठ्या जिन्यावरूनच माघारी फिरायचा आणि अख्खा रस्ता तुडवत, घामाने निथळत आमच्या कामाच्या गाळ्यावर पोचायचा. वर मलाच दरडावणार, "काय गं मित्रा, पंखा बंद का?" डोशाच्या गाडीवर चार माणसं दिसली की उपाशी राहायचा. मतदानाच्या दिवशीही तो शाळेच्या फाटकापर्यंत गेला, आत डोकावला आणि बोटाला शाई न लावता परत आला. मी चिडवलं, तर म्हणाला, "लाइन लावून मी देवालाही भेटणार नाही."

माझं नाव संघमित्रा, परबच्या तोंडी मित्रा. मी चेंबूरची, चित्रं काढणारी. परब मोबाइलवरचे गेम बनवायचा, एकटाच. मला कामाला घेताना त्याने एवढंच विचारलं होतं, "हंडा काढता येतो?" मी काढून दाखवला. तो कागद लांब धरून म्हणाला, "हा दुकानातला झाला. मला घरातला पाहिजे." तेव्हापासून त्या माणसाने माझं डोकं खायला जी सुरुवात केली ती केलीच. आमचा अर्धा गाळा, उरलेल्या अर्ध्यात पुठ्ठ्याची खोकी बनायची. त्या खडखडाटात हा उभ्याने कोड लिहायचा, मधेच चहाचा ग्लास घेऊन बाहेर चालायला लागायचा आणि ग्लास कुठेतरी विसरून यायचा. एखादी गोष्ट पहिल्याच फटक्यात चालली तर माणसाने खूश व्हावं की नाही? हा म्हणणार, "चालतंय म्हणजे कुठेतरी लोचा आहे."

गेमचं नाव 'नळावर'. टेकडीवरची चाळ, सगळ्यांत मिळून एक नळ, सकाळी थोडाच वेळ येणारं पाणी. आपापल्या घरून खेळणारी माणसं त्या चाळीत भाडेकरू म्हणून शिरायची. पाणी जायच्या आत ज्याचं पिंप आधी भरेल तो जिंकला. त्यासाठी ढकला, ओढा, दुसऱ्याच्या हंड्याला लाथ घाला, सगळं माफ. लाथ बसली की हंडा पायऱ्यांवरून गडगडत खाली जायचा. त्या गडगडण्यावर परबने जीव ओतला होता. पडलेल्या हंड्याला पोचा पडायचा, आणि तो गळ्याशीच पडला पाहिजे असा त्याचा हट्ट. "अजून आत घे. अजून. मित्रा, तुझ्या घरी कधी हंडा पडला नाही का गं?" त्या पोच्याने मला रडवलं.

गेम बाहेर आला आणि लोक सुरुवातीला तुफान भांडले. परब गाळ्यात शीळ घालत फिरायचा. मग एके दिवशी कोणीतरी नळासमोर आपला हंडा ठेवला आणि निघून गेलं. दुसऱ्याने त्याच्या मागे आपला ठेवला, तिसऱ्याने त्याच्या मागे. नंबर लावला! असा काही नियम आम्ही लिहिलाच नव्हता. पण हंडा ठेवला म्हणजे नंबर लागला, हे आपल्या माणसांना वेगळं सांगावं लागतं का? बघता बघता चाळीतल्या लाथा बंद आणि गप्पा सुरू. एक बाई गेममधल्या गप्पांच्या चौकटीत लिहायची, "माझा हंडा बघा हां, कुकर लावून येते," आणि खरोखर कुकर लावून यायची. माई नावाने खेळणारी एक कुणी होती, ती तर नळाची मालकीणच झाली. कोणाची परीक्षा आहे, कोणाला कणकण आहे, त्याला पुढे घ्या असा तिचा हुकूम सुटायचा आणि सगळे निमूट मानायचे.

"वाट लावली ना माझ्या गेमची!" परब ओरडला. "मी ह्यांना मारामारी दिली, ह्यांनी हळदीकुंकू केलं!"

मग तो हात धुऊन त्या रांगेच्या मागे लागला. सोडून गेलेला हंडा आपोआप गायब होईल, असं त्याने करून ठेवलं. लोक एकमेकांच्या हंड्याजवळ पाळीपाळीने उभे राहायला लागले. त्याने लाथेला बक्षीस ठेवलं. कोणी लाथ मारलीच, तर बाकीचे त्याच्याशी बोलेनासे व्हायचे आणि पडलेला हंडा उचलून होता तिथे ठेवायचे. त्याने पाणी कमी केलं, तर माईने प्रत्येकाला अर्धा अर्धा हंडा वाटून दिला. परब स्क्रीनसमोर अक्षरशः हात जोडायचा. "अरे, कोणीतरी जिंका रे!"

मला हसू यायचं, मग एकदा रागच आला. म्हटलं, "लोकांना आवडतंय, रोज येतायत. तुझ्या पोटात का दुखतंय?"

तेव्हा कुठे ते बाहेर पडलं. परबचं लहानपण घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत गेलं. वडलांची गिरणी बंद पडलेली, पाण्याचं सगळं आईच्या डोक्यावर. एका सकाळी आईचा नंबर आलेला असताना शेजारच्या बाईने तिच्या हंड्याला लाथ घातली. हंडा पायऱ्यांवरून पार खाली गेला, गळ्याशी पोचा पडला. आईने तो उचलून आणला आणि सगळ्यांच्या मागे ठेवला. तिची पाळी येईपर्यंत पाणी गेलं. "एक शब्द बोलली नाही गं ती. मी तिचा पदर ओढत होतो, बोल ना, बोल ना म्हणून." तो गाळ्याच्या दारापर्यंत जाऊन परत आला. "हा गेम मी तिच्यासाठी केलाय. एकदा तरी तिने उलटी लाथ घालावी. बस्स."

"मग दाखवलास का तिला?"

"पूर्ण झाल्यावर दाखवणार होतो. हे लोक पूर्ण होऊ देतात का?"

मी म्हटलं, आजच दाखव. तशी त्याची घालमेल सुरू झाली. आज नको, रविवारी. रविवारी म्हणे पुढच्या. शेवटी मीच त्याला ओढत दिंडोशीला त्याच्या घरी नेलं. त्याची आई, अजून मालवणीतच बोलणारी, चष्मा लावून मोबाइल घेऊन बसली. परब तिच्या मागे उभा, एक पाय सतत हलतोय. तिच्या हातात हंडा आला, समोर रांग. "आये, घाल लाथ!"

तिने रांगेचं टोक शोधलं आणि आपला हंडा अगदी शेवटी नेऊन ठेवला.

"अगो, लाथ मार ना त्या पुढच्या हंड्याला!"

"कित्याक रे? तिचो नंबर आसा तो."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. ती सकाळ, त्या पायऱ्या, तो पोचा. सांगताना त्याचा आवाज चिरकत होता. म्हातारीने मान वर करून मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "माका नाय आठवणा रे. झाला असात. नळार भांडणां काय एक होती?" आणि त्याचा चेहरा पाहून ती म्हणाली, "तू अजून ता धरून बसलंस?" तेवढ्यात मोबाइलवर माईने विचारलं होतं, नवीन का तुम्ही, जेवलात का. आईने फोन माझ्यापुढे धरला. "लिही गो बाय, जेवलंय म्हणान."

परब चपला घालून खाली उतरला. मी धावत मागे गेले. हायवेपर्यंत तो माझ्यापुढे चालत होता, आणि मधेच वळून म्हणाला, "मित्रा, ती विसरली गं. मग मी एवढी वर्षं कोणाचं भांडण भांडतोय?" इतकं वाईट मला त्या माणसाबद्दल कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात आल्या आल्या म्हणाला, "बंद करतोय."

"बंद? हंडे मी काढलेत, परब! आणि त्या बायकांनी तुझं काय घोडं मारलंय?"

आम्ही कडाकडा भांडलो. शेजारचं खोक्यांचं मशीन थांबवून लोक बघायला आले. शेवटी त्याने सगळे पासवर्ड एका कागदावर खरडले आणि माझ्या टेबलावर आपटले. "घ्या तुम्हीच. तुम्ही आणि ती माई. भरा पाणी." गेममध्येही त्याने तेवढंच लिहिलं, की हा गेम बनवणारा सुहास परब मी, आणि मी आता जातोय.

जायच्या दुपारी, बॅग खांद्यावर असतानाच, त्याने एकदाच स्वतःच्या नावाने गेम उघडला. मीही मागे उभी राहून पाहिलं. नेहमीची रांग होती, पण नळाखालचा पहिला हंडा कोणी स्वतःसाठी ठेवलेला नव्हता. त्याच्यावर लिहिलं होतं, परब. माईची माणसं दुसऱ्या नंबरपासून उभी होती.

परबचे कान लाल झाले. त्याने लाथ मारली. हंडा गडगडत पायऱ्या उतरला. कोणीतरी गेलं, उचलून आणला आणि पुन्हा नळाखाली ठेवला. त्याने पुन्हा मारली. पुन्हा आणून ठेवला. तिसऱ्यांदा मारली, तेव्हा माईने लिहिलं, "दमलास की सांग रे बाळा, तुझाच नंबर आहे." त्याच्याशी बोलणं कोणीही बंद केलं नाही.

"हे लोक ऐकत नाहीत गं," एवढं कसंबसं म्हणाला आणि बाही डोळ्यांवर ओढत निघून गेला. आता तो पुण्याला कुठल्याशा कंपनीत असतो. माझे फोन उचलत नाही, त्याचा मला राग येतो, तरी मी लावत राहते. गेम चालू आहे, मी आणि माई बघतो. पाणी आलं की सगळ्यात आधी परबचा हंडा भरतात, आणि मग दुसरा नंबर कोणाचा म्हणून विचारतात.