आभारांच्या आडून

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून प्रार्थनामंदिरातून परतताना, भावजयीने जाहीर केलं की यंदा ती चाळीस दिवस भांडण सोडणार. भावाने साखर सोडली. त्यांच्या मुलीने जेवताना मोबाइल सोडला. त्यांच्याच घरात राहणाऱ्या, भावाच्या थोरल्या बहिणीने, ताईने, काय सोडलं, हे कोणी विचारलं नाही. तिच्याजवळ सोडण्याजोगं काही असेल, अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवली नसावी.

घरातलं भांडण थांबलं, हे खरं. तोफखाना तेवढा स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलावर हलला.

त्या घराची एक रीत होती. जेवण वाढून झालं की डोळे मिटायचे, प्रत्येकाने दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. कोणाच्या आभारांत मध्येच बोलायचं नाही. नंतरही त्यांना उत्तर द्यायचं नाही. ही रीत ताईनेच घातली होती. आईवडील पाठोपाठ गेले, तेव्हा भाऊ नुकता शाळेत जाऊ लागला होता आणि ती इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी इस्त्रीच्या गरम रुळांमधून काढत होती. पातेल्यात थोडंच असे. पोरगं ताटावर तुटून पडे आणि मग रिकाम्या ताटाकडे बघत बसे. म्हणून थोडकं जेवणही लांबावं यासाठी तिने त्याला आभार लांबवायला शिकवलं: पाण्याचे, दिव्याचे, शेजारणीने दिलेल्या दोन बटाट्यांचे. आभार मानता मानता तो कधी रडू लागे. रडणाऱ्याला समजावत बसलं की अन्न गार होतं, म्हणून मध्ये बोलायची बंदी.

त्या बंदीच्या आडून भावजय आता नेम धरत होती.

“हे प्रभू,” ती मधाळ आवाजात म्हणे, “आज वन्सं न्हाणीघरातून संध्याकाळच्या आत बाहेर आल्या, त्याबद्दल तुझे आभार.”

“आमेन,” भाऊ म्हणे.

दुसऱ्या दिवशी, “वन्संनी गॅस चालू ठेवला, तरी आम्ही सगळे जिवंत आहोत, त्याबद्दल तुझे आभार.”

“आमेन.” मुलगी ओठ दाबून हसू आवरे. ताईही ‘आमेन’ म्हणे. स्वतः घातलेली रीत स्वतःच मोडायची, तर इतकी वर्षं तिचा धाक कशाला दाखवला, असं तिला वाटे.

टोमण्यांचं तिला तितकं वाटत नव्हतं. धोबीखान्यात तिने याहून तिखट ऐकलं होतं आणि परतही केलं होतं. तिला भय होतं ते भावाच्या ‘आमेन’चं. दिवसेंदिवस ते अधिक झटपट येऊ लागलं होतं.

एका सकाळी तो गॅलरीत बुटांना पॉलिश करत बसला होता. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्याचं त्याचं काम. अडकलेल्या माणसांना धीर देण्यात त्याचा हातखंडा होता.

“तुला कळतं ना रे, ती काय म्हणते ते?”

“ताई, प्रार्थना आहे ती. प्रार्थनेवर मी काय बोलू? तूच कान पिळून शिकवलंस.”

“भुकेल्या पोराला शिकवलं होतं. एवढ्या घोड्याला नाही.”

तो हसला. “ईस्टरपर्यंत कळ काढ गं. भांडत तर नाही ना ती?”

मुलगी मोठी झाली होती आणि बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर अभ्यास करून तिची पाठ मोडत होती, हे ताईला दिसत होतं. कोणी तोंडाने म्हटलं असतं, तर तिने स्वतः आपली कॉट भिंतीला सरकवून पोरीचं टेबल आपल्या खोलीत घेतलं असतं.

मग एका शुक्रवारी, सूप आणि पाव एवढंच जेवण असताना, भावजयीने डोळे मिटले.

“हे प्रभू, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात वन्संसाठी खोली रिकामी झाली. खिडकीतून बाग दिसते. हे तूच जुळवून आणलंस, त्याबद्दल तुझे आभार.”

ताईने डोळे मिटलेलेच ठेवले. मुलीचं ‘आमेन’ पुटपुटल्यासारखं आलं. भावाचं आलं नाही. त्याचा चमचा बशीवर किणकिणला, त्याने घसा खाकरला, आणि तो म्हणाला, “आमेन.”

आता पाळी ताईची होती.

“हे प्रभू,” ती म्हणाली, “माझ्या भावाला...” पुढचा शब्द तिला सापडेना. तो सापडेपर्यंत ती थांबली.

“आमेन!” भाऊ सुटल्यासारखा म्हणाला. पाठोपाठ दोघी म्हणाल्या. चमचे वाजू लागले.

ताईने डोळे उघडले. “माझं झालं नव्हतं.”

“उरलेलं उद्या म्हण, ताई. सूप निवतंय.”

हे तो इतक्या मायेने म्हणाला की तिने आपली बशी बाजूला सारली.

“उद्या नाही. आणि आता देवाशी नाही, तुझ्याशी बोलतेय. मी जाईन. पण ‘जा’ हे तू म्हण. देवाच्या नावावर खपवू नकोस.”

“वन्सं, उपवासकाळ आहे,” भावजय म्हणाली. “भांडण नको.”

“मी भांडत नाहीये. विचारतेय.”

“आत्या, जेवा ना,” मुलगी खाली बघत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

भाऊ सुपाकडे बघत राहिला. “जेवताना कशाला, ताई...”

“बरं. जेवून झाल्यावर सांग.”

ती हात मांडीवर घेऊन बसली. भावाने सूप संपवलं आणि पुन्हा वाढून घेतलं. तेही संपवून तिसऱ्यांदा घेतलं. मुलगी उठून गेली. भावजयीने पातेलं उचलून मोरीत नेलं, नळ सोडला. तेव्हा त्याने पावाचा कडेचा तुकडा हातात घेतला आणि समोर बसलेल्या बहिणीकडे न बघता, दात नसलेल्या माणसासारखा, तो चघळत राहिला.