कच्चा सांधा

जवसाचं तापलेलं तेल आणि शिसवीचा ताजा भुसा यांचा वास एकत्र आला की तो कडवट-गोड होतो. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कुंडलिका नदीवरून वारा शिरला की त्यात रसायनांच्या कंपन्यांचा उग्र दर्पही मिसळायचा. माघातले रविवार होते ते. पेणहून सकाळच्या गाडीने मी रोह्याला जायची आणि दुपार कलेपर्यंत दत्ताराम मिस्त्रींच्या हाताखाली ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक बांधायला शिकायची. आम्ही सहा जण होतो. आमच्या बंदुका भिंतीवर टांगण्यापुरत्याच. नळी भरीव, आरपार छिद्र नसलेली, कायद्याला चालेल अशी. मिस्त्रींनी मात्र उभं आयुष्य शेतकऱ्यांच्या परवान्याच्या बंदुका दुरुस्त करण्यात घालवलं होतं. पंचाहत्तरी उलटली तरी लाकडावर कानस फिरवताना त्यांचा हात पाण्यावरून गेल्यासारखा जाई.

शाळेतल्या सहकाऱ्यांना मी सांगितलं, चित्रकलेच्या बाईला लाकडाची ओढ असणारच. ते खोटं होतं. मला तिथे रागाने नेलं होतं.

मी कॉलेजात असताना, भात पोटरीला आलेलं असताना, एका कातरवेळी पेणजवळच्या जित्याला, आमच्या गावी, शेतात रानडुकरं शिरली. बाबांनी ठासणीची बंदूक उडवली आणि नळी त्यांच्या हातातच फुटली. डावा डोळा गेला, उजव्या हाताला दोनच बोटं राहिली. पंचनाम्यात लिहिलं गेलं की दारू प्रमाणाबाहेर ठासली होती. झालं, गावाला तेवढंच पुरलं. ‘दारू जास्त झाली’ हे वाक्य लग्नात, पाणवठ्यावर, वालाच्या शेंगा तोडताना आमच्या पाठीमागून येई आणि त्यामागून हसणं येई. बाबांनी आयुष्यात पिण्याच्या दारूला हात लावला नव्हता. ते गप्प राहत. भांडायची ती आई. “माझ्या माणसानं बरोबर माप घातलं व्हतं,” एवढं एकच ती वर्षानुवर्षं सांगत राहिली. मग तिने हळदीकुंकवाला जाणं सोडलं, सख्ख्या बहिणीशी बोलणं सोडलं, आणि त्याच हट्टात एक दिवस गेली. नांगरताना सापडलेला नळीचा वीतभर तुकडा तिने कणगीमागे फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बाबांची काही चूक नव्हती, एवढंच मला माझ्या हातांनी समजून घ्यायचं होतं.

चौथ्या रविवारी मिस्त्री सहज म्हणाले, “नळीचं काम केलं की कारागीर आपली खूण ठोकतो. माझी ही.” त्यांनी दाखवलेली, नांगराच्या फाळासारखी बारीक खूण मी कॉलेजच्या दिवसांपासून ओळखत होते. फडक्यातल्या तुकड्यावर ती होती.

पुढच्या रविवारी तो तुकडा मी त्यांच्यासमोर ठेवला. बाकीचे जेवायला गेले होते. मिस्त्रींनी तो उचलून उजेडाकडे धरला, अंगठा कडेवरून फिरवला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

“जित्याचा?” त्यांनी विचारलं.

“माझ्या बाबांचा.”

“बुडाकडचा सांधा उकललाय. कच्चा राह्यला व्हता. माझंच काम.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“तेव्हाच. पंचनाम्याला मलाच बोलावलं व्हतं, बाय. मीच म्हटलं, दारू जास्त. लायसन गेलं असतं माझं.”

माझ्या हातात पटाशी होती. ती मी खाली ठेवली, कारण ती हातात असणं मला बरं वाटेना. ज्या हाताने मला लाकडाच्या रेषेचा मान राखायला शिकवलं, त्याच हाताने माझ्या आईचं आयुष्य एका वाक्यात मोडलं होतं. मी ओरडले नाही. म्हटलं, “हे माझ्या बाबांसमोर बोला.”

ते दुसऱ्या दिवशी जित्याला आमच्या घरी आले, धुतलेला सदरा घालून. आंब्याच्या मोहोराचा वास ओटीवर दाटला होता. बाबा आरामखुर्चीत होते. मिस्त्रींनी उभ्यानेच, काही न लपवता सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि उरलेल्या दोन बोटांनी गाल खाजवला.

“दत्ताराम, खोटं नाय सांगितलंस तू,” ते म्हणाले. “त्या दिवशी दोन मापं घातली व्हती मी. डुकरं लय माजली व्हती.”

“सांधा पक्का असता तर दोन मापं झेलली असती नळीनं.”

“एक माप घातलं असतं तर तुझा कच्चा सांधाही टिकला असता.”

आणि मग, मला अजून विश्वास बसत नाही, दोघांच्याही चेहऱ्यांवर एक प्रकारचं हलकेपण पसरलं. बाबांनी खुर्ची पुढे सरकवली. मिस्त्री बसले. पाच मिनिटांत बोलणं जुन्या बंदुकांवर, त्यांच्या मोडक्या घोड्यांवर, जंगल कसं तुटलं यावर गेलं. “चहा ठेव गो,” बाबा माझ्याकडे वळून म्हणाले.

मी चुलीपाशी गेले आणि आधण ठेवलंच नाही. या दोघांचं दहा मिनिटांत मिटलं होतं. दोन अपराध समोरासमोर बसून समान झाले होते आणि त्या हिशोबात आईला कुठेच जागा नव्हती. जिने एका मापासाठी सगळ्या गावाशी वैर घेतलं, तिला ते माप खोटं असल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. रागाला मी इतकी वर्षं गावाकडे तोंड करून बसवलं होतं. आठवड्यापूर्वी तो रोह्याकडे वळला, आणि आता तो घरातच येऊन उभा होता.

मी ओटीवर आले. “आई पाणवठ्यावर भांडायची तेव्हा तुम्ही कुठे होतात, बाबा?”

मिस्त्रींनी मान खाली घातली. बाबांचा एक डोळा माझ्यावर स्थिर झाला.

“हितंच व्हतो,” ते म्हणाले. “ओटीवर. सगळं ऐकू यायचं.”

मी त्यांना माफ केलं नाही. आजही केलेलं नाही. पण त्या संध्याकाळी शेजारची काकू कुंपणापाशी आली, कोण पाहुणे आले होते म्हणून विचारू लागली, तेव्हा ‘बरोबर माप घातलं व्हतं’ हे आईचं वाक्य सवयीने माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. “मी सांगतो तिला,” म्हणत बाबा खुर्चीतून उठले. भिंतीचा आधार घेत, सावकाश, कुंपणाच्या दिशेने निघाले. मी त्यांना हात दिला नाही. पण ते पोचेपर्यंत काकूला मी थांबवून धरलं.