मालकीणबाईंचा नारळ

उद्योजिका हा शब्द मला एका सत्कारात मिळाला, शाल आणि तुळशीच्या रोपाबरोबर. पुतणीनं तर मोबाइलवर माझ्या फोटोखाली 'ओनर' लिहून टाकलंय. पण माझ्या कडक भाकरीच्या कारखान्यातल्या अकरा बायका मला मालकीणबाई म्हणतात. हा शब्द माझ्या आजेसासूच्या काळातला. पुतणी नाक मुरडते, "काकू, किती जुनाट वाटतं ते!" वाटू दे, मी म्हणायचे. तो शब्द कानावर पडला की माझी मान आपोआप ताठ व्हायची, हे मी कशाला नाकारू?

कारण तो मी कमावला होता. नवरा होता तेव्हाही धंद्यात नव्हताच. त्याची नोकरी, त्याचा पेपर आणि दुपारची झोप. चुली मी मांडल्या, वैरागच्या बाजारात ज्वारी मी पारखली, टेंभुर्णीच्या हॉटेलवाल्यांच्या मागं मी लागले. तरी माल न्यायला नवा माणूस आला की दारातूनच विचारायचा, "मालक कुठं हायत?" आतून कुणीतरी ठसक्यात सांगायचं, "मालकीणबाई हायत की. बोला." त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

गेल्या वर्षी मी ज्वारी दळायला स्वतःची गिरणी घेतली. ती बसली नि आठवड्यावर खंडेनवमी आली. सोलापुरात त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. आमच्याकडं तवे, पराती घासूनपुसून मांडायचे, झेंडूच्या माळा घालायच्या आणि मालकानं नारळ फोडायचा. नवरा वर्षातून तेवढ्याच कामासाठी कारखान्यात यायचा. तो गेल्यावर तीन वर्षं दीर येऊन फोडून गेले आणि मी मागं भिंतीला टेकून उभी राहिले. या वेळी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. गिरणी माझी, नारळ मी फोडणार. कुणाला सांगितलं नाही, विचारलं तर नाहीच.

सकाळी नवं इरकल नेसले, गिरणीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ उचलला.  बायकांतलं कुणी पुढं येईना, कुणी माझ्याकडं बघेना. मग आमच्या मावशी उठल्या. या माझ्या पहिल्या कामगार. ऐन पंचविशीत त्यांचा नवरा गेला, तेव्हापासून दुसऱ्यांच्या चुलीपुढं बसल्यात.

"मालकीणबाई, ठिवा त्यो खाली. धाकल्या मालकांना फोन केलाय म्या. येत्यात."

धाकले मालक म्हणजे माझे दीर. भाकरी आधी कुठल्या बाजूनं भाजतात हेही त्या गृहस्थांना ठाऊक नाही.

"ते मालक? मग मी कोण?"

"तुमी मालकीणबाई की! पर नवी मिशन हाय. पट्ट्यात कुणाचा हात गेला तर काय करायचं? आमची पोटं हितंच हायत."

दहा जणींनी माना हलवल्या. त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती आणि ती माझी होती. नवरा मेलेल्या बाईच्या हाताची. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ओरडावंसं वाटलं, पण नारळ खाली ठेवला. दीर स्कूटरवरून आले, एका दणक्यात नारळ फोडला, दोन पेढे खाल्ले. बायका त्यांच्या पाया पडल्या. जाताना मला म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, मी आहे." गिरणी सुरू झाली.

दुपारी बाकीच्या गेल्या. मावशी पराती आवरत होत्या. माझा तोल गेला. "बाकीच्यांचं सोडा. तुम्ही तरी? सगळा जन्म तुम्हीही हेच सोसलं. तुम्हाला तरी कळायला नको होतं?"

त्यांनी हातातली परात पालथी घातली. आवाज अजिबात चढवला नाही.

"कळतंय की. हितली पयली चूल पेटवायची हुती, तवा काडेपेटी माझ्या हातात हुती. भाकरी थापायला तुमाला म्याच शिकवलं, म्हनून म्हनलं आपुनच पेटवावी. तुमी लई गोड बोलून ती काढून घेतली आन शेजारच्या सवाष्णीला हाक मारली. म्या बी काय बोलले न्हाय."

 तो दिवस मला चांगला आठवतो. शेजारीण आठवते, तिची हिरवी साडी, हातभर बांगड्या, चूल पहिल्याच काडीला पेटली म्हणून माझ्या नवऱ्यानं केलेली थट्टा, सगळं आठवतं. मावशी तेव्हा कुठं उभ्या होत्या, हे मात्र मला काही केल्या आठवेना.